बन्सीलालशेठनी परत आणलेला मुहूर्त

जळगाव, ता. ५ मे १९९३

ती. आबांच्या पायांशी कुंदाचा नमस्कार पोहोचावा.

तुमचा गुडघा कसा आहे? पहूरला ऊन फार असेल, दुपारी मळ्यात जाऊ नये. (तुम्ही जाणार, हे ठाऊक असूनही लिहिते, म्हणजे लिहिलं नाही असं व्हायला नको.) मी बरी आहे, निदान तब्येतीने.

भाऊकाकांनी बजावलं होतं, पंधरा मेपर्यंत ऑफिसात कायम झाले नाही तर भडगावच्या स्थळाला होकार कळवायचा. मुलाबद्दल तक्रार नाही, पण मला नोकरी हवी आहे. आणि कायम होणं एका कामावर अडलं होतं: धुळ्याकडच्या एका सोसायटीच्या सभासदांची निवडणुकीसाठी यादी. प्रोग्राम मीच लिहिलेला. परवा चेअरमन भटू नाना स्वतः यादी न्यायला आले. प्रिंटर करकरत चालला, नानांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि शांतपणे विचारलं, "का व माय, मना बाप जित्ता शे आनि मी मरी गयू?" आबा, मी अट उलटी लिहिली होती. जिवंत सभासद मयत आणि मयत तेवढे हयात! तुम्ही मला घरी पाटीवर शिकवताना प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावायचात. ही ओळ मी चार वेळा वाचली होती. (चारही वेळा बरोबर वाटली.)

चूक लगेच सापडली, मी दुरुस्त केली. आता आमच्याकडची पद्धत सांगते. प्रोग्रामचे तुकडे चाळीस, प्रत्येकाची वेगळी फाइल. सगळे नव्याने बांधायला दोन तास लागतात, म्हणून एक राखणदार ठेवला आहे, तोही प्रोग्रामच. तो फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख बघतो. आधी बांधलेल्या तुकड्यापेक्षा फाइल नवी असेल तर तेवढा तुकडा पुन्हा बांधतो, नाहीतर हात लावत नाही. मी त्याला हाक मारली. तो म्हणाला, सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही. पुन्हा छापलं. नाना पुन्हा मयत. मी फाइल पुन्हा उघडली (दुरुस्ती जागेवर होती), पुन्हा साठवली, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला नाना चहा बशीत ओतत म्हणाले, "बठ्ठं गाव मरी गयं, आते मतं कोन दी?" (सगळं गावच मयत, तर मतं देणार कोण, हा प्रश्न रास्तच होता.)

मग पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसली: आखाजीची! अक्षय्य तृतीया होऊन नऊ दिवस झाले होते. बन्सीलालशेठना, म्हणजे आमच्या मालकांना, विचारलं. ते म्हणाले, "काम आखाजीला पुरं व्हायचं होतं, मुहूर्त हुकला. म्हणून सकाळी मशीनला हार घातला आणि तारीख मागे घेतली. आपली मशीन, आपली तारीख." तुकडे गेल्या आठवड्यात बांधलेले आणि माझी दुरुस्ती त्याआधीच्या आखाजीची. राखणदार बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता की काही बदललेलं नाही. मी तारीख नीट केली, फाइल पुन्हा साठवली, पाच मिनिटांत नाना हयात झाले आणि त्यांचे वडील योग्य ठिकाणी गेले. शेठ नानांना म्हणाले, "पोरगी नवीन आहे, तारखेकडे लक्ष नसतं तिचं." मी यादीची पानं जुळवून नानांच्या हाती दिली. (पहिली चूक माझीच होती ना.)

नाना खुशीत गेले. शेठही खूश. मला कायम केल्याचं पत्र नक्की देणार आहेत, दसऱ्याच्या मुहूर्तावर. भाऊंना दसरा चालणार नाही.

आईला, काकूंना नमस्कार.

तुमची,
कुंदा

ता. क. भडगावचे लोक पत्रिका मागत आहेत असं भाऊ लिहितात. तुमच्या वहीतल्या जन्मतारखेने सव्वीस गुण जुळतात. शाळेत घालताना तुम्ही सांगितलेल्या एक जूनने नऊच. (इथल्या जोशींना सहज विचारलं.) तर पत्रिका एक जूनवरून मांडून पाठवावी. खोटेपणाचा प्रश्न नाही, शाळेच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे, शिक्क्यासह.

आणखी ता. क. दाखल्यावर जन्मवेळ नसते. शाळा भरण्याची वेळ, सकाळी अकरा, धरावी.