दुसऱ्यांदा जळालेली क्लच प्लेट

समृद्धी,

तू शेतातून येईपर्यंत मी वाशीला निघालेलो असेन, तुझ्या भावाकडं, शंभूकडं. आपला ट्रक येरमाळ्याजवळ बंद पडलाय. नवी क्लच प्लेट महिन्यातच जळाली, अन् या खेपेला गाडी मीच चालवत होतो.

दुकानदार फोनवर म्हणतो, "क्लचवर पाय ठेवून चालवली असणार, वॉरंटी बसत न्हाय." माझं डोकंच फिरलं. मागची प्लेट जळाली तवा शंभूला चारचौघांत मी हेच बोललो होतो, अन् गाडीवरून उतरवलं होतं. तो सांगत होता, माल खराब हाय. ती जळकी प्लेट त्यानं अजून जपून ठेवलीय. दोन्ही एकाच खोक्यातल्या. दुकानदारापुढं ठेवल्यावर बघू काय म्हणतो.

वॉरंटीचं कार्ड देव्हाऱ्यातच हाय. पूजेत मी त्यावर हळदकुंकू वाहिलं, तारीखच दिसंना. पुसू नको, अक्षरं जातील.

म्हशीला पाणी पाजलंय. मी जेवलो न्हाय.

शंभूला आधी फोन करू नको, माफी माझी मलाच मागायचीय. तुझ्या शब्दाखातर त्यानं दार उघडलं, तर प्लेट मिळंल; पण मला काय मिळणार?

बालाजी