शेठच्या जेवणाच्या वेळा

४ सप्टेंबर
बायको आज लेकीकडे गेली, बाळंतपणाला. तीन महिने तरी येत नाही. घरात आता आम्ही तीन पुरुष. मी, बाबा आणि शेठ. शेठ म्हणजे कुत्रा. लेकीने हौसेने पाळला आणि लग्न झाल्यावर आमच्या गळ्यात घातला. चालताना पोट पुढे, शेठ मागून.

निघताना बायकोने सूचनांची फैर झाडली. गॅस, नळ, बाबांच्या गोळ्या. मुख्य सूचना म्हणजे बाबांना एकट्याला जेवण जात नाही, तुम्ही समोर बसून जेवा. मी म्हटलं, अख्ख्या कारखान्याच्या शिफ्ट मी लावतो, एक म्हातारा आणि एक कुत्रा मला जड नाही. तिने पिशवी उचलली. चप्पल घालून निघाली.

६ सप्टेंबर
शेठला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आहेत, जरा आगाऊ, पण विषय पक्का. म्हणाले, वाडगं दिवसभर भरलेलं ठेवता का? म्हटलं, हो, बायकोची पद्धत. म्हणाले, तिथेच घोटाळा आहे. येता-जाता तोंड घालणारा कुत्रा किती खातो ते कळत नाही, आणि खायचा बंद झाला तर तेही कळत नाही. दोनच वेळा, मोजून द्या. पंधरा मिनिटांनी वाडगं उचला, उरलं तर उरलं. नाहीतर आधी सांधे जातील, मग हृदय.

मला एकदम पटलं. या घरात शिस्त नाही हे मी लग्नापासून सांगत आलोय.

संकल्प : बायको परत येईपर्यंत शेठ सडपातळ. तिने बघतच राहायला हवं.

७ सप्टेंबर
सिस्टीम चालू. सकाळी कामावर निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. मी घड्याळ घेऊन समोर उभा. शेठने वाडगं हुंगलं आणि माझ्याकडे युनियन लीडरसारखं बघितलं. पंधरा मिनिटं झाली, उचललं.

बाबांसाठी मात्र मोकळी पद्धत. स्वयंपाकाच्या बाई करून झाकून ठेवतात, भूक लागेल तेव्हा त्यांनी घ्यावं. या वयात घड्याळाची सक्ती कशाला? शिवाय मी दोन्हीकडे उभा राहू शकत नाही. बाबांनी विचारलं, तू नाही का बसत? म्हटलं, शेठचं चालू आहे.

खरं सांगायचं तर बाबा एकेक घास इतका वेळ चावतात की समोरच्याचा जीव वरखाली होतो. इथे लिहायला हरकत नाही. वाचणारं कोण आहे?

१२ सप्टेंबर
शेठ केकाटतो. मी बधत नाही.

बाबांचं ताट रोज चाटूनपुसून स्वच्छ. भाताचं शीत नाही. म्हणजे माणसाला मोकळीक आणि जनावराला वेळापत्रक हा माझा हिशोब बरोबर निघाला. बायकोला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, समोर बसता ना? म्हटलं, ताट बोलतंय की. म्हणाली, मी तुम्हाला विचारतेय, ताटाला नाही.

बायका मुद्द्यावर बोलत नाहीत.

२१ सप्टेंबर
शेठचं वजन केलं. वाढलंय!

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते खाल्लं. मी शपथेवर सांगितलं, एक दाणा जास्त नाही. ते म्हणाले, हवा खाऊन कुत्रा फुगत नाही, कोणीतरी देतंय.

२३ सप्टेंबर
चौकशी सुरू. स्वयंपाकाच्या बाईंना विचारलं. त्यांना राग आला, उद्या येणार नाहीत. बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, छे रे, मी कशाला? बाबा खोटं बोलत नाहीत. आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं, मुलांचे कान पिळले ते खोटं बोलण्यावरूनच.

संशय खालच्या मजल्यावर. तिथे क्लासवाल्या मॅडम राहतात. मुलं बिस्किटं खात जिना चढतात-उतरतात. अपराध तिथेच घडत असणार.

२६ सप्टेंबर
मॅडमशी बोललो. आवाज थोडा चढला, माझाच. त्या म्हणाल्या, मी कुत्र्याला घाबरते, तुमचा शेठ जिन्यात दिसला तर मी दार लावून घेते. चोर असंच बोलतात. मग म्हणाल्या, तुमचे वडील फार खंगलेत हो, बरे आहेत ना?

विषय बदलायची जुनी युक्ती. मी फसलो नाही.

२९ सप्टेंबर
जालीम उपाय. पुठ्ठ्याचा बोर्ड करून शेठच्या गळ्यात अडकवला. मला खायला देऊ नये. हुकमावरून. अक्षर बाबांकडून काढून घेतलं, त्यांचं अजून सुरेख आहे. लिहिताना दोनदा थांबले. लिहून झाल्यावर बाबा बोर्डाकडे बघत बसले. विचारलं, हे सगळ्यांनाच लागू का? म्हटलं, अपवाद केला की सिस्टीम बसली.

शेठने संध्याकाळपर्यंत बोर्डाचा एक कोपरा खाल्ला.

५ ऑक्टोबर
बाबांनी खिळा आणि हातोडी मागितली. पट्ट्याला नवं भोक पाडायचं होतं. आधीचं नवं भोकही सैल पडतंय म्हणाले. वाह! या वयात पोट आटोक्यात. मी माझ्या पोटाकडे बघितलं आणि लाज वाटली.

संकल्प : सोमवारपासून चालायला जाणे.

९ ऑक्टोबर
चालायला गेलो नाही. गुडघा.

बाबा म्हणाले, घास अडकल्यासारखा वाटतो, एकदा दाखवून यायचं का? म्हटलं, बरोबर पाणी घेत जा, घाई करू नका. दाखवूही, पण या आठवड्यात जमणार नाही. माझी एकच रजा आहे आणि त्या दिवशी शेठच्या रक्ताची तपासणी ठरलीय. थायरॉइड असू शकतं. आधीच उशीर झालाय.

बाबा म्हणाले, हो हो, त्याचं आधी कर.

१६ ऑक्टोबर
रिपोर्ट आले. शेठचं सगळं नॉर्मल. डॉक्टर पुन्हा तेच, कोणीतरी देतंय.

खाणं आणखी कमी केलं. बाबा मध्ये पडले. म्हणाले, इतकं नको रे कमी करू, उपाशी कुणाला ठेवू नये. मी जरा कडक बोललो. म्हटलं, लाडाने कुत्री मरतात. बाबा उठून खोलीत गेले. वाईट वाटलं, पण शिस्तीत भावना आणून चालत नाही.

२४ ऑक्टोबर
नात झाली! दोघी सुखरूप. कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. घरी केक आणला. बाबा पणजोबा झाले. डोळे पुसत हसत होते, हसताना गालांची हाडं वर यायची. केकचा तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, खोलीत बसून सावकाश खातो. शेठ मागोमाग गेला.

शेठ हल्ली बाबांच्याच खोलीत असतो. बरंच आहे. दोघांना एकमेकांची सोबत.

बाबांना दाखवायचं राहिलं. महिनाअखेरीला नक्की. सध्या दोन मशीन बंद आहेत, माझ्याशिवाय पान हलत नाही.

२ नोव्हेंबर
बायकोने व्हिडिओ कॉल केला, बाळ दाखवायला. मी फोन बाबांच्या हातात दिला. तिने त्यांना बघितलं, लगेच मला फोन घ्यायला लावला आणि कडाडली. बाबांचं काय केलंत म्हणे. म्हटलं, मोबाईलच्या कॅमेऱ्यात माणूस बारीक दिसतो. म्हणाली, मग तुम्ही का नाही दिसत?

उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या म्हणाली. ठीक आहे. हाफ डे टाकतो. तिच्या समाधानासाठी.

३ नोव्हेंबर
चोर सापडला.

दुपारीच घरी आलो. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. बाबा पलंगाच्या काठावर बसलेले, मांडीवर ताट. घास करत होते आणि शेठच्या तोंडात घालत होते. भात, भाजी, अंडं. शेठ शिस्तीत बसून एकेक घास घेत होता. शेवटी ताट त्याच्यापुढे धरलं, त्याने चाटून लख्ख केलं.

मला आधी आनंद झाला. लिहायला नको, पण झाला. आत जाऊन ओरडलो. दोन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंत म्हटलं. बाबांनी शाळेतल्या पोरासारखे हात मागे घेतले.

मग म्हणाले, मला जात नाही रे. त्याला जातं.

म्हणाले, ताटात उरलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस. ती पोरीला टाकून धावत आली असती. पोरीचे दिवस भरत आलेले. एवढं तर मी करू शकत होतो.

कधीपासून, विचारलं. म्हणाले, शेठला विचार, त्याला माहीत.

हसले. मला हसता येईना. सूप गरम करून आणलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. एक चमचा घेतला. अर्ध्यावर गेला आणि परत आला. बाबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, सूप चांगलं झालंय.

४ नोव्हेंबर
हॉस्पिटल. डॉक्टरांनी विचारलं, घट्ट खाणं कधी बंद झालं? माहीत नाही. वजन किती होतं? माहीत नाही. दिवसातून किती वेळा खायचे? माहीत नाही. माझ्या पाकिटात शेठच्या वजनाची चिठ्ठी होती, ग्रॅमपर्यंत.

म्हटलं, ताट रोज स्वच्छ असायचं हो. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

७ नोव्हेंबर
अन्ननलिकेत गाठ. मोठी. ऑपरेशन झेपणार नाही इतके खालावलेत. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं. मी विचारलं नाही.

कुत्रा दोन महिन्यांत तीनदा डॉक्टरकडे जाऊन आला होता. बापाला मी एकदाही नेलं नाही. हे लिहिलं. आता खोडत नाही.

११ नोव्हेंबर
बायको आली. बाबांच्या उशाशी बसली, हात हातात घेतला. माझ्याशी बोललेली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बाबांना नळीने देतात, ठरल्या वेळी. नर्स घड्याळ बघून येते. बाबा मला म्हणाले, बघ, माझंही टाइमटेबल लागलं. त्यांना मला हसवायचं होतं.

संकल्प : रोज दोन्ही वेळा त्यांच्यापाशी बसणे. काहीही झालं तरी.

१५ नोव्हेंबर
तीन दिवस जमलं. आज नाही. शिफ्टचा घोळ.

१९ नोव्हेंबर
बाबा गेले. सकाळी.

मी पोहोचलो नाही. निघायला उशीर झाला. शेठचं वाडगं खाली ठेवलेलं होतं, पंधरा मिनिटं व्हायची होती. सवयीने उभा राहिलो. कोणी सांगितलं होतं उभं राहायला? बायकोचा फोन आला तेव्हा वाडगं माझ्या हातात होतं.

खूप रडलो. बाबांच्या खोलीत, पलंगाच्या काठावर बसून. शेठ येऊन समोर बसला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला.

२ डिसेंबर
शेठला तपासायला नेलं. तारीख आधीच घेतलेली होती, बायको म्हणाली, मीही येते. सकाळपासून तेवढंच बोलली.

वजन उतरलंय, चांगलंच. डॉक्टर खूश. काट्याचा आकडा आपल्या मदतनिसाला बोलावून दाखवला. म्हणाले, मालकाने मनावर घेतलं की असं होतं. मग मला विचारलं, शेवटी नेमकं काय बदललंत?

सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं.

म्हटलं, वेळा पाळल्या.

डॉक्टर म्हणाले, शाब्बास, हेच चालू ठेवा. मी मान हलवली. बायको शेठची दोरी घेऊन आधीच बाहेर गेली होती.