खांद्यात सुई, पोटात लेचोना

४ एप्रिल
माफ कर वही, फार उशिरा लिहितोय. पेन धरलं की उजव्या खांद्यात कळ! जूनमध्ये सान पेद्रोचा उत्सव, तेहोचे सामने. लोखंडी चकती फेकून मातीतली बारुदाची पुडी फोडायची—आणि मला साधा शर्ट घालता येत नाही. संघाचा कप्तान एवेलियो शाळेपासूनचा मित्र, पण संघातली जागा रिकामी ठेवणार नाही म्हणतो.

उद्या डॉक्टरीणबाई येणार. महिन्यातून एकदाच येतात. माझंच रक्त काढून यंत्रात फिरवायचं, वरचं पिवळं पाणी खांद्यात टोचायचं. रक्त कमी पडलं तर?

५ एप्रिल
फजिती. अंगात रक्त भरावं म्हणून सकाळीच बाजारात लेचोना खाल्ली—भाजलेलं डुक्कर, आत भात, वर कुरकुरीत कातडी. दोन ताटं. आमच्या एस्पिनाल गावात ताकदीसाठी दुसरं काय खातात? यंत्रातून नळी निघाली, तर पाणी पिवळं नाही, दुधासारखं पांढरं! वाटलं, संपलो. बाईंनी नळी उजेडात धरली.

"आजोबा, सकाळी काय खाल्लंत?"

सांगितलं.

"मग ही चरबी आहे. खांद्यात घालू की तव्यावर?"

बायको, एदिल्मा, हसून बेजार. आता पुढच्या महिन्यात यायचं, कॉफी आणि मक्याची एक भाकरी खाऊन.

३ मे
टोचलं. पाणी बिअरसारखं स्वच्छ. गुण येईलच असं नाही, म्हणाल्या. दोनेक महिने चकतीला हात लावायचा नाही. म्हणजे सान पेद्रो बुडाला, लेचोनापायी!

१७ मे
एवेलियोला गडी मिळेना. एदिल्मा म्हणाली, "तोवर मी फेकते. घरी यांचं कण्हणं ऐकण्यापेक्षा बरं." सगळे हसले. पहिल्याच फेकीत पुडी फुटली. मग कोणी हसलं नाही.

१५ जून
आज वरच्या खुंटीवरची टोपी काढली—उजव्या हाताने! बाईंनी तपासलं, दोन महिने व्हायच्या आधीच खेळा म्हणाल्या. धावत एवेलियोकडे. त्याने बिअरचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "आनंद झाला रे. पण वहिनींना बाहेर कसं बसवू? तूच सांग."

 घरी आलो, तर एदिल्माने चकती पुसून माझ्या खुर्चीवर ठेवलेली.

२९ जून
अंतिम सामना इबागे शहरात. चकती मीच तिच्या पिशवीत घातली. पिशवी उजव्या हाताने संघाच्या बसमध्ये चढवली, कळ नाही. संध्याकाळ झाली, निरोप नाही. एदिल्मा, पुडी फुटली का गं? लवकर कळव.