ओळखीचा रंग

वैशाखरे,
२८ नोव्हेंबर २००४

प्रिय पारूवन्सं,

सप्रेम नमस्कार. इतके दिवस पत्र नाही, क्षमा असावी. लिहायला बसते आणि खुशालीच्या पुढे पेन जात नाही. इथे सगळे बरे. आईंचा गुडघा तसाच. भात झोडून झालं. तुमचा भाऊ महिपत म्हणतो, "पारीला आत्ताच पाय मोडायचा व्हता? पोरीच्या लग्नाला आत्या नाय!" उद्या रुपालीची हळद.

माझे पतंगकिडे मजेत आहेत. कॉलेजात शिकवणारी बाई घरात असली पाखरं पाळते, याची गावाला आता सवय झालीय. यंदा एकाच मादीच्या अंड्यांतून पिवळ्या पट्ट्याचे निघाले आणि पांढऱ्या पट्ट्याचेही. पाला सगळ्यांनी एकच खाल्लेला, म्हणजे रंग जन्मतःच ठरलेला. चवीला दोघेही सारखेच कडू. तरी सिद्धगडाखाली कोतवाल पक्षी पिवळ्यांना सोडतात आणि पांढऱ्यांना टोचतात. तिथे पिवळेच जास्त, म्हणून पक्ष्यांना तेवढाच इशारा पाठ. पांढरा तोंडात घेतल्यावर टाकून देतात, पण तोवर त्याचा पंख गेलेला असतो. उंबरमाळीकडे पांढरे जास्त. तिथे उलट असावं, अजून पाहिलेलं नाही.

परवा पापड लाटताना आई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अनिता, पयले बारकी टिकली लावायचीस. आता येवढं मोठं कुकू? कोनाला भेवडावतेस गो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

गणपती झाल्यावर कॉलेजात तुमचा फोन आला, त्या दिवसापासून माझं कुंकू मोठं झालंय. तुमचे दादा सुरतेला, नोकरीच्या गावीच वारले, तिथेच अग्नी दिला, हे सांगून तुम्ही म्हणालात, "लगीन होऊ द्या वहिनी, मग रडू. आता कळलं तर मुलाकडचे मागं सरतील." मी हो म्हटलं. ह्यांना रजा मिळत नाही, असं मी घरात सांगते. हे रुपालीसाठी, असं स्वतःलाही सांगते. पण मोकळ्या कपाळाने या गावात राहायची भीती त्यात किती, ते मला ठरवता येत नाही.

उद्या पहिली हळद मी लावायची, थोरली सवाष्ण म्हणून. माझा यावर विश्वास नाही. रुपालीच्या आईचा आहे, आणि माझा हात धरून तीच मला पाटापाशी नेणार. बोलले तर लग्न मोडेल, हात पुढे केला तर तिला फसवीन. तुम्हाला निदान पायाचं निमित्त आहे.

मला एक शब्द सुचतो. "अडचण आहे" म्हटलं की बायका पुढे विचारत नाहीत, बाजूला बसवतात. शब्द खोटाही नाही. पण माझी पाळी दोन वर्षांपूर्वीच थांबली, आणि घरात ते एकट्या आईंना ठाऊक आहे. चारचौघींत त्या बोलणार नाहीत. मागाहून विचारतील, आणि तेव्हा माझ्याकडे दुसरा शब्द नसेल.

कदाचित विचारणारही नाहीत, आधीच ओळखलं असेल म्हणून. त्याचीच जास्त धास्ती वाटते.

अजूनही तुमचीच वहिनी,
अनिता

ता. क. उद्याचं ठरवलं: मांडवात जाण्याआधी आईंना सांगणे, "मला अडचण आहे."