आधी कोपर

दादा,

"त्या दोघांची समज लहान मुलाएवढी, ते मूल कसलं वाढवणार? त्यांच्या छकुलीला मीच घेऊन जातो," असं तू फोनवर म्हणालास. म्हणून कालची आंघोळ सांगते.

आपल्या धाकट्या भावाला मी कानीकपाळी ओरडून शिकवलंय, टबात आधी गार पाणी, मग गरम, मग आपलं कोपर बुडवून बघायचं. काल मला कामावर जायला उशीर होत होता, म्हणून टब मीच भरला. त्याची बायको टॉवेल पसरून तयार बसली होती.

"घाल तिला, मी बघितलंय पाणी," मी म्हटलं.

"मी नाही बघितलं," तो म्हणाला. छकुलीला बायकोकडे देऊन त्याने सावकाश बाही वर सारली, कोपर बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. लालबुंद झालं होतं.

गार पाणी घालायचं मी विसरले होते. आणि बघितलं तर मुळीच नव्हतं.

"ताई, तुम्ही दमलात. बसा जरा," त्याची बायको म्हणाली. त्याने गार पाणी ओतलं आणि पुन्हा कोपर बुडवलं.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. तू त्यातलं कढत पाणी तेवढं वाचशील, कोपर वाचणार नाहीस.

तुझी धांदरट बहीण