शिवणाच्या डब्यातल्या गोळ्या

आचोळे, नालासोपारा
७ जानेवारी १९९७

ती. आईस, आचोळ्याहून ज्ञानदाचा नमस्कार.

आता बरी आहे, म्हणून लिहायला बसले. बाबांचा गुडघा कसा आहे?

गेल्या आठवड्यात घसा सुजून ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?" शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी "नाही" म्हटलं. लग्नात तूच बजावलं होतंस ना, फिटच्या गोळ्यांबद्दल सासरी चकार शब्द काढायचा नाही. अजून शिवणाच्या डब्यात लपवते मी त्या.

तिसऱ्या दिवशी तोल जाऊ लागला, एकाचे दोन दिसू लागले, उलट्या सुरू झाल्या. सासूबाईंना वाटलं, दिवस गेले. त्यांनी माझी दृष्ट काढली, आई. मला रडू आवरेना.

शेवटी एकटीच जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. घशाच्या गोळ्यांमुळे फिटचं औषध अंगात साठत गेलं, म्हणाले. खूप रागावले. घशाची गोळी बदलून दिली.

संध्याकाळी हे आले की सगळं सांगणार आहे. काय होईल ठाऊक नाही. तुझा राग येतो आणि तुझीच आठवण येते.

उत्तर या वेळी पोस्टकार्डावर लिही. कुणी वाचलं तरी चालेल.

तुझी,
ज्ञानदा