एका पाकळीचा लसूण

आई, इथे इंग्लंडात लसूण ऑक्टोबरात लावतात. टेबलावर बियाण्याच्या लसणाची दोन पाकिटं आहेत आणि माझ्याकडे एकच वाफा मोकळा आहे. एक मऊ देठाचा, वसंतापर्यंत टिकणारा. दुसरा कडक देठाचा, मोठ्या पाकळ्यांचा, कडाक्याच्या थंडीतही तग धरणारा, पण फार दिवस न टिकणारा. तू असतीस तर टिकणारा घे म्हणाली असतीस. तुझी नात म्हणते, कडकवाला घे. ती सतरा वर्षांची आहे, तू तिला पाहिलं नाहीस. पुढच्या वर्षी तिला ॲबर्डीनला शिकायला जायचंय, पार वर, स्कॉटलंडमध्ये. मला ती जवळच्या रीडिंग गावच्या विद्यापीठात हवी आहे. आमच्या स्लाऊहून ट्रेनने रोज जाता-येता येतं, आणि रात्री घरचा वरणभात. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही.

हा जमिनीचा तुकडा आम्हाला गेल्या वर्षी कौन्सिलकडून भाजीसाठी मिळाला. थंडीत ओल्या मातीत पाकळ्या खुपसायचा मला धीर झाला नाही. बिचाऱ्यांना गारठ्यात कशाला घालायचं, म्हणून मार्चमध्ये जरा ऊन पडल्यावर दुकानातला लसूण लावला. उन्हाळ्यात उपटला तर प्रत्येक गड्डा गोल, गुळगुळीत, आत एकच पाकळी. मी हरखलेच. तू बाबांच्या गुडघ्यांसाठी असा लसूण बाजारभर शोधायचीस, तुपात परतून त्यांना द्यायचीस, आणि माझ्याकडे टोपलीभर. लंडनमधल्या एजवेअरच्या मैत्रिणीला मी तो औषध म्हणून पोचवला. ती म्हणाली, "अगं, आता दवाखानाच काढ. निम्म्या एजवेअरचे गुडघे दुखतात." मी आठवडाभर त्याच तोऱ्यात होते. मग लेकीने फोनवर काहीतरी वाचून दाखवलं. "आई, हे मेडिसिन नाही गं. त्याला थंडी नाही भेटली, म्हणून तो स्प्लिटच नाही झाला. तू त्याला विंटर स्किप करायला लावलं." ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. मी कणीक मळायला लागले.

तेव्हापासून मला तुझा ओटा दिसतोय. मी पुण्याला होस्टेलवर जायचं ठरत होतं, आणि आत्या दुपारपासून येऊन बसली होती. तू खलबत्त्यात लसूण ठेचते आहेस, आत्या दारात उभी. "वहिनी, एकुलती एक पोर. इथल्या कॉलेजला काय काटे आहेत?" तू मान वर न करता म्हणतेस, "घरात ठेवून तिचं काय लोणचं घालू?" आत्या फणकारून बाहेर जाते. मी तिथेच उभी राहते, तर तू मलाही सोडत नाहीस. "बघत काय बसलीस? चटणी कोरडी भाजायला शीक. तेलाची तिथे टिकायची नाही." निघताना बरणी दिलीस ती त्याच चटणीची. मला वाटायचं, तुला माझं जाणं सोपं गेलं. आता वाटतं, तू त्या दिवशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त लसूण ठेचला होतास.

एवढं काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी आम्ही दोघी मळ्यावर गेलो. गार वारा होता, तिने टोपी घातली नव्हती, तरी मी तिला तशीच येऊ दिली. मी कडक देठाचं पाकीट फोडलं. तिने बघितलं आणि पाकळ्या सुट्या करायला घेतल्या. टोक वर ठेवून एकेक पाकळी ती मातीत ढकलत होती. कडेच्या ओळीत तिने उन्हाळ्यातले उरलेले गोल गड्डे लावले. या वेळी थंडी मिळाली की त्यांच्याही पाकळ्या होतील, म्हणाली. मी विचारलं, "ॲबर्डीनला खोलीत हीटिंग असतं ना?" तिने गुडघ्यांवर बसूनच वर बघितलं. "आई, हो म्हणतेयस का तू?" "माती लाव आधी," मी म्हटलं. मग म्हटलं, "हो." तिने मातीच्याच हातांनी मला मिठी मारली. कोटावर डाग पडलेत ते अजून धुतलेले नाहीत.

हे पत्र कुठे पाठवणार, घडी करून डाळीच्या डब्यामागे ठेवीन. फक्त एक तुला सांगते, तिला नाही. रीडिंगचं विद्यापीठ बघायला बोलावतात, त्या ओपन डेला मी तिच्यासाठी गुपचूप जागा बुक केली होती. ती अजून रद्द केलेली नाही.